संध्याकाळच्या भरतीला

आमच्या रात्रीच्या वर्गात ‘ग’ अक्षराचा धडा चालू होता. ‘ग’वरून शब्द सांगा म्हटले, की गाय, गवत, गाडी असे शब्द येतात. त्या रात्री सायकलीवरून मासळी विकणारे एक भाऊ म्हणाले, “गादा!”

“गादी म्हणा, गादी,” मागून कोणी तरी म्हणाले.

“गादी नाही हो. गादा. दर्यातला गादा. माणसापेक्षा लांब असतो, आणि पाण्याच्या वर येऊन श्वास घेतो.”

सगळा वर्ग हसला. पाण्यात राहणारा मासा वर येऊन श्वास कशाला घेईल? पण भाऊ खरे सांगत होते. चूक एवढीच, की गादा हा मासा नव्हे.

बोलता बोलता आणखी एक गोष्ट कळली. आमच्या वर्गात बोईसरच्या आसपासच्या पाड्यांवरची चौदा माणसे येतात. कोणी तारापूरच्या कारखान्यांत कामाला जातात, कोणी भाजी विकतात, कोणाची थोडी भातशेती आहे. समुद्र येथून दोन-तीन कोसांवर. तरी चौदांपैकी तेरा जण कधी होडीत बसले नव्हते! बोंबील आवडीने खायचे. पण ते ज्या पाण्यातून येतात, ते पाणी फक्त काठावरून पाहिलेले.

तेव्हा ठरले, की एका संध्याकाळी गादा पाहायला जायचे. दापोलीजवळ मुरूड-कर्द्याला आणि मालवणजवळ तारकर्लीला होडीवाले प्रवाशांना असे घेऊन जातात. लांबलांबची माणसे पैसे खर्चून तेथे येतात. आमच्या भाऊंच्या ओळखीचे एक तांडेल सातपाटीला होते. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य माणूस. हल्ली जाळ्यात मासळी कमी येते, म्हणून त्यांनी एक होडी प्रवाशांसाठी तयार केली होती. ते म्हणाले, “या. पण वेळ मी सांगेन ती.”

वेळ त्यांनी कशी काढली, ते ऐका. हा हिशेब प्रत्येकाला यावा असा आहे.

समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी लागते. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे जाते, कारण चंद्रही रोज तेवढाच उशिरा येतो. म्हणून आपल्या किनाऱ्यावरची जुनी माणसे तिथीवरून भरती काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल, तर चारची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारीही आणि पहाटेही. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचे. यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. अचूक वेळ पाहिजे तर बंदरखात्याचे छापील कोष्टक असते. पण अंदाजाला हा हिशेब पुरतो.

आता पौर्णिमेचे पाहा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पूर्ण भरती दुपारी, म्हणजे संध्याकाळी सहाला ओहोटी. त्या वेळी खाडीत पाणी कमी आणि चिखल फार. होडी चिखलात बसली, तर पुढच्या भरतीपर्यंत हलत नाही. अष्टमीला मात्र आठची पाऊणपट सहा. ऐन संध्याकाळी खाडी भरलेली. शिवाय अष्टमीच्या सुमाराला पाण्याचा जोर कमी असतो. त्याला कोळी लोक भांग म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेच्या जोराच्या पाण्याला म्हणतात उधाण. नवख्या माणसाने पहिल्यांदा जायचे ते भांगाच्या पाण्यात.

माघ शुद्ध अष्टमीला रविवार आला होता. तांडेलांनी तोच दिवस दिला.

आम्ही चौदा जण आणि शिकवणारे दोघे असे सोळा जण निघालो. बोईसरहून आगगाडीने पालघर, तेथून एसटीने सातपाटी. सातपाटी हे फार नावाजलेले मासेमारीचे गाव. येथले पापलेट मुंबईच्या बाजारात मान खाऊन जाते. 2023 साली सरकारने पापलेटला महाराष्ट्राचा राज्य मासा ठरवले, तेव्हा या गावाला किती आनंद झाला असेल! गावात शिरताच सुक्या मासळीचा वास, वाळत टाकलेली जाळी, आणि बाजूला होड्यांची दाटी.

होडीजवळ गेलो. होडीच्या कडेला पाटी होती. वर्गातल्या एका बाईंनी ती मोठ्याने वाचली, “प्रवासी बारा. खलाशी दोन.” वाचून झाल्यावर त्यांनाच वाईट वाटले. आम्ही तर सोळा!

मग रदबदली सुरू झाली. “चार माणसांनी काय होतंय? आम्ही दाटीवाटीनं बसू.” कोणी जास्त पैसे देऊ केले. तांडेल हलले नाहीत. ते म्हणाले, “बाय, पाटी तुम्हीच वाचलीत ना? मग?”

या पाटीच्या मागे काय आहे, ते सांगितले पाहिजे. मासे धरण्याचा परवाना वेगळा आणि माणसे नेण्याचा परवाना वेगळा. दुसरा परवाना महाराष्ट्र सागरी मंडळ देते. होडीची तपासणी करून किती माणसे बसवायची, ते ठरवले जाते. मासेमारीच्या होडीत पाहुणे भरून फिरवून आणणे म्हणजे परवान्याबाहेरचे काम.

2018 सालच्या 13 जानेवारीला डहाणूच्या समुद्रात काय झाले, ते आपल्या भागात अनेकांना आठवत असेल. कॉलेजातली चाळीसच्या आसपास मुले-मुली एका होडीतून समुद्रात फिरायला गेली. किनारा फार दूर नव्हता. होडी उलटली. जवळपासच्या मच्छीमारांनी धावून जाऊन पुष्कळांना वाचवले. तरी तीन मुली बुडाल्या. सहलीला म्हणून घरून निघालेल्या मुली परत आल्या नाहीत.

चौघांनी त्या दिवशी मागे राहायचे कबूल केले. त्यांत ‘गादा’ शब्द सांगणारे भाऊही होते. म्हणाले, “मी पाहिलाय. तुम्ही बघून या.” उरलेल्या बारा जणांना तांडेलांच्या मुलाने नारिंगी जाकिटे दिली. ही जाकिटे पाण्यावर तरंगतात. माणूस पाण्यात पडला आणि त्याला पोहता येत नसले, तरी जाकीट त्याचे डोके वर धरून ठेवते. पण पट्टे नीट बांधले तरच! लुगड्यावर जाकीट चढवताना एक आजीबाई लाजल्या. तांडेलांनी स्वतः एक जाकीट घातले आणि म्हणाले, “मला पोहता येतं, तरी मी घातलंय.” मग आजीबाईंनी मुकाट्याने पट्टे बांधून घेतले.

साडेचारला होडी सुटली. सातपाटी आणि मुरबे या दोन गावांच्या मध्ये खाडी आहे. भरतीचे पाणी आत येत होते, आणि आम्ही त्याच्या उलट बाहेर चाललो होतो. खाडीचे तोंड सुटले तशी होडी हलू लागली. दोघा-तिघांनी डोळे मिटले. एकाला मळमळू लागले. तांडेल म्हणाले, “खाली पाण्याकडं बघू नका. लांब बघा, किनाऱ्याकडं बघा.” हा उपाय लागू पडतो. किनाऱ्यावर सुरूची झाडे, ताडांच्या रांगा, आणि उत्तरेला लांबवर तारापूरच्या अणुवीज केंद्राचा परिसर. 1969 साली तेथून वीज देण्यास सुरुवात झाली. भारतातले ते पहिले अणुवीज केंद्र. आमच्यापैकी एकाचे वडील ते बांधताना माती वाहायला होते. मुलाने ते ठिकाण पाण्यावरून प्रथमच पाहिले.

अर्धा तास गेला. गाद्याचा पत्ता नाही. तांडेलांनी मशीन हळू केली. ते म्हणाले, “मी त्याला शोधायला फिरणार नाही. आपण त्याच्या वाटेवर थांबू.”

गादा खाडीच्या तोंडाशी का येतो, याचे कारण साधे आहे. भरतीबरोबर बोय, ढोमे, मांदेली अशी मासळी आत येते. गादा तिच्या मागे येतो. आपल्याकडे दिसणारा गादा खोल समुद्रातला नसतो. उथळ पाण्यात, किनारा आणि खाड्या धरून राहणारी ती जात आहे. पुस्तकात त्याला डॉल्फिन म्हणतात. रंग करडा, लांबी सात-आठ फूट, कधी जास्तही. त्याच्या पाठीवर उंचवटा असतो आणि त्यावर लहानसा पर असतो. याच उंचवट्यावरून ही जात ओळखावी. संध्याकाळीच तो जास्त दिसतो असे मात्र काही नाही, सकाळीही दिसतो. संध्याकाळ आम्ही घेतली ती भरतीसाठी आणि सूर्यास्तासाठी.

एकाएकी एक बाई ओरडल्या, “तो बघा! तो बघा!”

डाव्या हाताला करडी पाठ वर आली आणि गेली. झाले! अकराच्या अकरा माणसे उठून डावीकडे धावली. होडी डावीकडे कलली. पाणी कडेच्या वर आले आणि आत सांडले. कोणाची पिशवी घसरून गेली. आजीबाई मधल्या फळीवरून खाली पडल्या.

“बसा! आहे तिथं खाली बसा!” तांडेल असे ओरडले, की सगळ्यांनी मटकन खाली बसकण मारली. होडी दोन-तीनदा इकडून तिकडे हलली आणि सरळ झाली. पाऊल बुडेल इतके पाणी आत आले होते. मुलाने डबा घेऊन ते उपसायला सुरुवात केली. कोणी कोणाकडे पाहीना.

तांडेल रागावले नाहीत. त्यांनी मशीन पार बंद केली आणि म्हणाले, “तो काय पळून जातोय? डावीकडं दिसला तर डावीकडच्यांनी बघावं. उजवीकडच्यांनी बसल्या जागी मान वळवावी. उठायचं नाही.” गादा पाहताना धोका असतो तो गाद्याचा नव्हे, आपल्या उतावळेपणाचा. हे शिकवणाऱ्यांनी आधी सांगायला हवे होते. आम्ही सांगितले नव्हते. ती चूक आमची.

मशीन बंद झाली आणि सगळे शांत झाले. मग आवाज आला. फुस्स! बैल दमून श्वास सोडतो तसा. थोड्या अंतरावर पुन्हा फुस्स! त्या श्वासाच्या आवाजाने सर्वांच्या अंगावर काटा आला. वर्गात हसलेले लोक आता एकमेकांकडे पाहू लागले.

गाद्याच्या डोक्यावर एक भोक असते. तेच त्याचे नाक. माशाला कल्ले असतात, तो पाण्यातच श्वास घेतो. गाद्याला आपल्यासारखी फुप्फुसे असतात. म्हणून त्याला वर यावेच लागते. शेपटीवरूनही ओळख पटते. माशाची शेपटी उभी असते आणि ती डावी-उजवीकडे हलते. गाद्याची शेपटी आडवी असते आणि वर-खाली हलते. गादी अंडी घालत नाही. तिला एका वेळी एकच पिल्लू होते, आणि ती त्याला दूध पाजते. म्हणजे तो गाय-म्हशीच्या नात्यातला, माशाच्या नव्हे. उत्तरेकडे गंगेच्या गोड्या पाण्यातही गाद्याचा एक भाऊबंद राहतो. 2009 साली सरकारने त्याला देशाचा राष्ट्रीय जलचर ठरवले.

आम्ही पाच गादे मोजले. त्यांत एक पिल्लू होते. ते आईच्या कुशीला चिकटून वर यायचे आणि तिच्याबरोबरच खाली जायचे. आजीबाई पडल्याचे दुखणे विसरल्या. म्हणाल्या, “अगं बाई, लेकरू आहे!”

होडी आणि गादे यांत रेल्वेच्या दोन डब्यांइतके अंतर होते. म्हणजे साधारण पन्नास मीटर. कोणी तरी म्हणाले, “जरा जवळ घ्या की.” तांडेल नाही म्हणाले. आपल्या समुद्राचे पाणी गढूळ. त्यात डोळ्यांचा उपयोग थोडा. गादा टकटक असा बारीक आवाज काढतो, तो आवाज माशावर आपटून परत येतो, आणि त्यावरून मासा कोठे आहे ते त्याला कळते. वटवाघूळ अंधारात असेच करते. मशीन जोरात चालवत त्याच्यामागे लागले, की त्याला काही ऐकू येत नाही. आपण बाजारात हिशेब करत असताना कोणी कानाशी ढोल बडवावा, तसे होते. चार होड्यांनी घेरले, तर आई आणि पिल्लू यांची ताटातूट होते. म्हणून हळू यायचे, मधे घुसायचे नाही, खायला टाकायचे नाही. पंधरा मिनिटे पाहायचे आणि निघायचे.

एकाने विचारले, “तांडेल, हा तुमचे मासे खातो. तुम्हाला राग नाही येत?”

तांडेल थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी सांगितले. त्यांचे वडील गाद्याला शिव्या द्यायचे, कारण तो जाळ्यातली मासळी ओढतो आणि जाळे फाडतो. जाळ्याला किती पैसे पडतात, ते ज्याचे फाटते त्यालाच ठाऊक. पुढे एकदा तांडेलांच्याच जाळ्यात एक गादा अडकला. ते पोहोचले तेव्हा तो मेला होता. “पाण्यातलं जनावर, आणि पाण्यात बुडून मेलं,” ते म्हणाले. जाळ्यात अडकला की त्याला वर येता येत नाही. श्वास मिळत नाही. तांडेलांना हे तोपर्यंत सुचलेच नव्हते.

दुसऱ्या वेळी अडकला तो जिवंत होता. त्यांनी जाळे कापले आणि त्याला सोडून दिले. जाळे गेले. पण 2018 सालच्या डिसेंबरापासून महाराष्ट्र सरकारची एक योजना आहे. गादा, कासव, बहिरी मासा असे संरक्षित प्राणी जाळे कापून जिवंत सोडले, तर जाळ्याची भरपाई मिळते, 25,000 रुपयांपर्यंत. सोडताना फोनवर चित्रे घ्यावी लागतात, आणि अर्ज भरून द्यावा लागतो. तांडेलांनी चित्रे घेतली. अर्ज मात्र पंधरा दिवस कोनाड्यात पडून राहिला, कारण तो भरणार कोण? शेवटी आमच्या मासळीवाल्या भाऊंनी भरला. त्यांना लिहायला येऊ लागून तेव्हा सहा महिने झाले होते. एक ओळ खोडून दोनदा लिहावी लागली म्हणे. पण पैसे मिळाले.

हे भाऊंनी आम्हाला कधी सांगितले नव्हते! ते तर किनाऱ्यावर बसून होते.

उलट, गादा मारला किंवा धरून ठेवला, तर तो मोठा गुन्हा आहे. 1972 सालच्या वन्यजीव कायद्यात वाघाला जे संरक्षण आहे, तेच गाद्याला आहे. तुरुंगवास तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत. किनाऱ्यावर गादा जिवंत वा मेलेला आढळला, तर वनखात्याला 1926 या नंबरावर कळवावे. समुद्रात माणसे अडचणीत असतील, तर तटरक्षक दलाचा नंबर 1554. हे दोन्ही नंबर तांडेलांच्या होडीत मोठ्या आकड्यांत लिहिलेले होते, आणि बाराही जणांनी ते वाचले.

वाढवणला मोठ्या बंदराची पायाभरणी 2024 सालच्या ऑगस्टात झाली. बंदर झाले की मोठी जहाजे येणार. मच्छीमारांना त्याची काळजी वाटते, कोणाला त्यात रोजगार दिसतो. तो विषय मोठा आहे, आणि दोन ओळींत उरकण्याजोगा नाही. त्यावर निराळा धडा घेऊ.

सूर्य खाली आला होता. आणखी बाहेर जाऊन सूर्यास्त पाहावा, असे तरुण पोरांचे म्हणणे. तांडेलांनी होडी वळवली. “अंधारात माणसं घेऊन मी दर्यात राहत नाही,” म्हणाले. खाडीच्या तोंडाशी पाणी भरून आले होते, वारा पडला होता. तेथे होडी थांबवून आम्ही मागे वळून पाहिले. बसल्या जागीच, बरे का!

सूर्य पाण्याला टेकला तेव्हा वाटोळा राहिला नव्हता, वरून-खालून दाबल्यासारखा झाला होता. हवेतून येताना उजेड वाकतो, म्हणून तसे दिसते. खरे तर आपल्याला सूर्य पाण्याला टेकलेला दिसतो, तेव्हा तो पाण्याखाली गेलेलाही असतो! टेकल्यापासून दिसेनासा होईपर्यंत दोन-सव्वादोन मिनिटे लागली. कोणी बोलले नाही. डोक्यावर अष्टमीचा अर्धा चंद्र होता, त्याच्या उजेडात धक्का दिसू लागला.

चौघे जण धक्क्यावर वाट पाहत उभे होते. “दिसला का?” पहिला प्रश्न भाऊंचाच.

“पाच दिसले. आणि तुमच्या अर्जाचंही कळलं,” आजीबाई म्हणाल्या. भाऊ खाली पाहू लागले.

मग त्या चौघांना केव्हा न्यायचे, याची बोलणी सुरू झाली. कारखान्यात जाणाऱ्या दोघांना सुटी फक्त रविवारची. तांडेलांच्या मुलाने कॅलेंडर पाहिले. पंधरवड्यानंतरच्या रविवारी वद्य सप्तमी होती. पाटी वाचणाऱ्या बाईंनी बोटे मोजली. “साताची पाऊणपट,” त्या पुटपुटल्या, “सव्वापाच. म्हणजे पाणी आधी उतरायला लागेल.”

“बरोबर,” तांडेल म्हणाले. “मग साडेचारला नाही, पावणेचारला निघू.”